उष्टं चालतं की चालत नाही?

प्रिय ओवी,

रविवारच्या मराठी शाळेसाठी तू लिहिलेला ‘माझी सुट्टी’ हा निबंध काल तू झोपल्यावर मी पुन्हा वाचला. दोनच आठवड्यांची सुट्टी, पण तू काय काय भरलंयस त्यात! दापोलीजवळच्या आजोळची विहीर, कमरेला दोर बांधून मामानं तुला पाण्यात सोडलं ते, करवंदाच्या जाळीत अडकून फाटलेला फ्रॉक, आजीनं फणसाच्या रसात केलेली सांदणं आणि त्यावर ओतलेलं नारळाचं दूध. आणि रायगड. आदल्या रात्री पाचाडला मुक्काम, पहाटे अंधारात चित दरवाजाकडून चढायला सुरुवात, रोपवे समोर असून चौदाशेच्या वर पायऱ्या पायांनी चढलात. गडावर एका घरी पिठलं-भाकरी खाल्लीत. २०२५च्या जुलैत जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आपण पाहिला, हेही तू ठसक्यात लिहिलंयस. वाचताना मला खूप आनंद झाला.

शेवटी मात्र तू एक प्रश्न टाकलायस. तुझ्याच शब्दांत देते: “महादरवाजापाशी मी खूप दमले होते. मी बाटलीला तोंड लावून पाणी प्यायले. मामी म्हणाली, ओवी, वरून पी, उष्टं करू नको, सगळ्यांना पुरवायचंय. पण रात्री घरी मामीनंच माझा अर्धा चोखलेला बाठा उचलून खाल्ला. मग उष्टं चालतं की चालत नाही?”

तू मला हे आधी तोंडीही विचारलं होतंस. भांडी घासता घासता मी “घरच्यांत चालतं गं” म्हणून मोकळी झाले. तेवढं उत्तर पुरेसं नाही, म्हणून हे पत्र.

आधी शब्द. उष्टं, शिळं आणि खरकटं हे तीन शब्द तू निबंधात एकाच अर्थानं वापरलेस. कालचा भात आज खाल्ला तर तो शिळा, पण उष्टा नाही. जेवण झाल्यावर ताटाला, ओट्याला, हाताला चिकटून राहिलेली शितं, आमटीचे ओघळ, ते खरकटं. आणि ज्याला कुणाचं तोंड लागलं, किंवा तोंडात जाऊन आलेला हात लागला, ते उष्टं. इथल्या जर्मन भाषेत याला एका शब्दात काय म्हणायचं ते मी शोधून पाहिलं, मला तरी सापडलं नाही.

आजीच्या घरात याचं एक मोठं शास्त्र आहे आणि तू ते पाहिलंयस, फक्त त्याला नाव दिलं नाहीस. माठात कुणी फुलपात्र बुडवत नाही, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पाणी काढतात. वाढताना पळी ताटाला टेकू देत नाहीत. जेवता जेवता वाढून घ्यायचं झालं तर डावा हात पुढे करायचा, कारण उजवा उष्टा. आणि लोणच्याची बरणी! आजी ती स्वतःच उघडते, कोरडा चमचा घालते, परत दादरा बांधते. दादरा म्हणजे बरणीच्या तोंडावर बांधायचं फडकं. ओला नाहीतर उष्टा चमचा गेला की लोणच्यावर बुरशी धरते. वर्षभर पुरवायचं म्हणून एप्रिल-मेमध्ये घातलेलं लोणचं गणपतीपर्यंतसुद्धा टिकत नाही. फ्रीज नव्हते, माणसं पंधरा-वीस, पाणी विहिरीतून शेंदून आणलेलं. एकाला खोकला झाला तर भांड्यातून तो सगळ्या घरात फिरायचा. तेव्हा ‘तोंड लावू नको’ हा सगळ्यांची काळजी घेणारा नियम होता, आणि मामी गडावर तोच पाळत होती. दोन लिटरची एक बाटली, माणसं सहा, मे महिन्याचं ऊन. ती तुझ्यावर रागावली नव्हती.

मुलांनी मात्र या नियमातूनही वाट काढली होती. मला वाटतं जगातली ही सगळ्यात गोड युक्ती आहे. एकच कैरी आणि आम्ही चौघं असलो की कैरी फ्रॉकच्या घेरात गुंडाळायची आणि कापडावरून दात लावून कचकन तोडायची. कापड मधे असल्यामुळे दात कैरीला लागत नाहीत, म्हणून तुकडा उष्टा नाही. याला म्हणायचं चिमणीच्या दातांनी तोडणं. चिक्की, पेपरमिंटची गोळी, पेरू, सगळं आम्ही असंच वाटून खाल्लं. तुझ्या मामाचे तेव्हा पुढचे दोन दात पडलेले होते. त्याच्या वाट्याची कैरी नेहमी मी तोडून द्यायचे. फ्रॉकच्या त्या कोपऱ्याला चिकाचा काळपट डाग पडलेला असायचा आणि आजी तो धुताना दर वेळी ओरडायची.

आता मामीच्या बाठ्याकडे वळू. तू सहा महिन्यांची झालीस तेव्हा आपण तुझं उष्टावण केलं. बाळाला पहिला घास भरवण्याच्या समारंभाला मराठीत हे नाव आहे. अन्नप्राशन हा पोथीतला शब्द, घरात म्हणतात उष्टावण. म्हणजे आज या बाळाचं तोंड पहिल्यांदा अन्नाला लागलं, ते उष्टं झालं, आणि त्याचाच सोहळा! तुझ्या मामानं चांदीच्या वाटीतली खीर तुला भरवली. तू ती निम्मी बाहेर काढलीस, आणि मामीनं बोटानं तुझ्या हनुवटीवरची निपटून स्वतःच्या तोंडात घातली. फोटो आहे आपल्याकडे. त्या दिवसापासून तिला तुझं उष्टं चालतं. शबरीनं एकेक बोर चाखून गोड तेवढी रामासाठी ठेवली, ही गोष्ट आजीनं तुला सांगितली असेलच. जिथं जीव लागलेला असतो तिथं आपली माणसं हा नियम बाजूला ठेवतात, आणि ठेवलाय हे मुद्दाम बोलूनही दाखवत नाहीत. नवरा-बायको लग्नात एकमेकांना घास भरवतात तोही त्यातलाच प्रकार.

यातलं सगळंच मला आवडतं असं नाही. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, पणजोबांचं जेवण झालं की त्यांच्याच उष्ट्या ताटात वाढून घ्यायची. रोज. पणजोबा तिच्या ताटात कधी जेवल्याचं मला आठवत नाही. एकाच बाजूनं चालणाऱ्या अशा रीतीला मी प्रेम म्हणणार नाही, आणि तुझ्या आजीनंही ती कधी पाळली नाही.

पण ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले ते तुझ्या निबंधातल्या एका छोट्या वाक्यात आहे. “येताना महाडला एक तळं बघितलं. मामा तिथे खूप वेळ गप्प उभा होता.” तेवढंच लिहून तू पुढच्या ओळीत आइस्क्रीमवर गेलीस. तुला कुणी सांगितलंच नसेल, तर तू तरी काय लिहिणार? त्या तळ्याचं नाव चवदार तळं. तुझ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर तिथंच आहे.

आपल्याकडे काही जातींच्या लोकांना ‘अस्पृश्य’ ठरवलं होतं. त्यांचं तोंड तर सोडच, त्यांच्या हाताचं बोट लागलं तरी पाणी बाटलं असं लोक मानायचे. ज्या तळ्यावर गुरं पाणी प्यायची तिथं या माणसांना मज्जाव. तहान लागली तर ओंजळ पुढे करायची आणि दुसऱ्या कुणीतरी वरून पाणी ओततील तेवढंच प्यायचं. वरूनच, ओवी. जे तू गडावर हसत हसत शिकलीस तेच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत होते तेव्हा त्यांना नळाला हात लावता येत नसे. शिपायानं नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर तहानेलंच राहायचं. आणि त्यांनी स्वतःच्या एका सुट्टीची आठवणही लिहून ठेवली आहे. १९०१ सालची उन्हाळ्याची सुट्टी, ते साधारण तुझ्याएवढे. वडील सातारा जिल्ह्यातल्याच गोरेगावला नोकरीला होते, म्हणून भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून आगगाडीनं मसूरला उतरले. नवे कपडे घालून, अगदी हौसेनं निघाले होते. न्यायला कुणी आलं नव्हतं. ही मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडीवाला दुप्पट भाड्यावर कसाबसा तयार झाला, तेही मुलांनी गाडी स्वतः हाकायची या अटीवर. त्याला त्यांच्याबरोबर बसायचं नव्हतं, तो शेजारून चालत निघाला. डब्यात जेवण भरपूर होतं, पण प्यायला पाणी कुणी दिलं नाही, आणि पाण्याशिवाय घास उतरेना. भरल्या डब्यासकट ती मुलं रात्रभर उपाशी राहिली.

तुझा निबंध वाचताना मला ती सुट्टी सारखी आठवत होती.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव केला, आणि पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचं ठरावात लिहिलं. तरी तिथं जायची कुणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले, पायऱ्या उतरले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याची ‘शुद्धी’ केली गेली, खटला भरला गेला. तो दहा वर्षं चालला आणि १९३७मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला. म्हणजे पाणी प्यायला एक ओंजळ लागली, आणि त्या ओंजळीचा हक्क सिद्ध करायला दहा वर्षं.

मामा गप्प का होता तेही सांगते. आजोळच्या ज्या पडवीत तू झोपाळ्यावर बसून आंबे खाल्लेस, तिथं वळचणीला पूर्वी एक नारळाची करवंटी उलटी खोचलेली असायची. भातलावणीला, कुंपणाच्या कामाला येणाऱ्या काही गड्यांसाठी ती वेगळी. पणजोबा तांब्या उंच धरून वरून त्यात पाणी ओतायचे. आम्ही मुलं ते पाहायचो आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे मला आज लिहायलाही जड जातंय. मी सात वर्षांची असताना एका दुपारी तुझ्या आजीनं ती करवंटी काढली आणि आंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातली. करवंटीला चटकन जाळ धरतो, मिनिटाभरात संपली. मग तिनं आम्ही प्यायचो त्यातलाच पितळी पेला पाण्यानं भरून कुंपणाशी काम करणाऱ्या गड्याच्या हातात दिला. तो घ्यायला बिचकला. आजी म्हणाली, “घ्या दादा, गार आहे.” पणजोबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले, पण त्या विषयावर नाही. करवंटी मात्र परत आली नाही.

तो पेला अजून आहे. तू त्यातूनच कोकम सरबत प्यायलीस, काठाला पोचा आलेला तो.

म्हणून “चालतं की चालत नाही” याला माझ्याकडे एका शब्दात उत्तर नाही. बाटली सगळ्यांची असेल तर वरून पी. ताप-खोकला असेल तर आपला पेला वेगळा ठेव. लोणच्यात उष्टा चमचा घालू नकोस. पण कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या नाही, असं कुणी मोजायला लागलं, मग ते आपल्यातलंच कुणी असो, तर तिथं तू गप्प बसू नकोस. आजी गप्प बसली नव्हती, आणि तेव्हा ती मोठ्या घरातली सून होती.

निबंधात दोन ठिकाणी ‘पाणि’ लिहिलंयस, ‘पाणी’ कर. आणि तळ्याचं ते वाक्य तुला पुन्हा लिहावंसं वाटलं तर मामाला फोन करून विचार, तो तुला माझ्यापेक्षा जास्त सांगेल.

आजीनं बॅगेत कपड्यांच्या घडीत गुंडाळून दिलेली लोणच्याची बरणी मी वरच्या फळीवर ठेवली आहे. शाळेतून आलीस की स्टुलावर चढून काढ. चमचा कोरडा घे, आणि दादरा परत घट्ट बांध.

तुझी,
आई