दुकान तेच, कार्ड नवं

पासबुकाचं मागचं पान : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त बँकवाल्याची उत्तरं

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत टेक्सासला असते. तिच्या नेहमीच्या मोठ्या दुकानातून गिऱ्हाइकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेल्याचं तिला कळवण्यात आलं. बँकेनं जुनं कार्ड बंद करून नवं पाठवलं. मला वाटलं, आता काही ही त्या दुकानाची पायरी चढत नाही. तर पुढच्याच शनिवारी व्हिडिओ कॉलवर बाईसाहेब त्याच दुकानातून बोलतायत, ट्रॉलीत टोमॅटो! म्हटलं, अगं, काही वाटतं का तुला? तर म्हणाली, "आई, टोमॅटोनं काय केलंय?" काका, १९८६ साली एका वाण्यानं मापात मारलं म्हणून आम्ही आजतागायत त्याच्याकडून साधा हिंग घेतलेला नाही. ही मुलं बेफिकीर आहेत, की मीच जुन्या वळणाची?
एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, त्या वाण्यानं जे मारलं ते तुमच्याच पिशवीतून मारलं. पावशेर साखर कमी भरली ती तुमच्या घरात. लेकीच्या बाबतीत माप कुणाचं गेलं, हे आधी बघू.

२०१३ च्या डिसेंबरात मी आणि सौ. मिनियापोलिसला होतो, लेकीच्या बाळंतपणासाठी. दोन बॅगा, त्यातली एक निव्वळ डिंकाचे लाडू आणि अळीव. मिनियापोलिस म्हणजे टार्गेट या दुकानांच्या साखळीचं माहेर, मुख्य कचेरी तिथेच. १८ डिसेंबरला ब्रायन क्रेब्स या पत्रकारानं बातमी फोडली आणि १९ ला कंपनीनं कबूल केलं, की २७ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या दिवसांत दुकानांत घासलेली सुमारे ४ कोटी कार्डं चोरांच्या हाती लागली आहेत. २७ नोव्हेंबर म्हणजे थँक्सगिव्हिंगची आदली संध्याकाळ. आपल्याकडे वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत गल्ला उघडा पडावा, तसंच ते.

कंपनीनं हात जोडले आणि २१-२२ डिसेंबरला सगळ्या गिऱ्हाइकांना १० टक्के सूट जाहीर केली, त्यांच्या नोकरांना मिळते तेवढी. लेकीला नववा लागलेला, महिनाभर ती त्या दुकानात फिरकलीच नव्हती, त्यामुळे त्यांची कार्डं वाचली होती. जावई म्हणाले, सूट आहे तर डायपर आणून ठेवू. शनिवारी गेलो. बाहेर पारा शून्याच्या बराच खाली, आणि गाडी लावायला जागा नाही! रांगेत आमच्या पुढे एक साठीची बाई होती. तिनं पर्समधून कार्ड काढलं, उलटंपालटं करून पाहिलं, परत आत ठेवलं आणि वीस-वीसच्या नोटा मोजून दिल्या. तिच्या पुढच्या दोघांनी मात्र बिनदिक्कत कार्ड घासलं होतं. सौ. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "इथे दरोडा पडलाय म्हणे. कुणाच्या तोंडावर दिसतोय का?"

तोंडावर नव्हता, कारण बहुतेकांच्या खिशाला तो लागलाच नव्हता. अमेरिकेत क्रेडिट कार्डावर भलत्यानं खर्च केला तर कायद्यानं गिऱ्हाइकाच्या अंगावर फार तर ५० डॉलर येतात, आणि तेही बँका सहसा मागत नाहीत. माणूस फोन करतो, चार शिव्या देतो, आठवड्यात नवं कार्ड येतं. राग जातो तो फोनच्या पलीकडच्या बिचाऱ्या मुलीवर. पस्तीस वर्षं मी त्या पलीकडच्या बाजूला बसलोय, म्हणून खात्रीनं सांगतो.

डेबिट कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. तिथे चोर बँकेच्या नाही, तुमच्या खात्यातले पैसे नेतो. ते परत मिळतात, पण मिळेपर्यंत घरभाड्याचा चेक थांबत नाही. त्या शनिवारी चेस बँकेनं आपल्या बाधित डेबिट कार्डांवर रोज १०० डॉलर रोख आणि ३०० डॉलरची खरेदी एवढीच मर्यादा घातली. नाताळ चार दिवसांवर! मग गिऱ्हाइकांना कार्ड बदलून द्यायला, पैसे काढून द्यायला रविवारी काही शाखा उघडाव्या लागल्या. म्हणजे दरोडा पडला दुकानात आणि रांगा लागल्या बँकेत. आमच्या धंद्याचं हे नशीबच आहे.

लोक अगदीच ढिम्म राहिले असंही नाही. नोव्हेंबर ते जानेवारीच्या त्या तिमाहीत टार्गेटची अमेरिकेतल्या जुन्या दुकानांतली विक्री २.५ टक्क्यांनी उतरली आणि नफा ४६ टक्क्यांनी. त्यात कॅनडात नव्यानं उघडलेल्या दुकानांचा खड्डाही होता. सगळं पाप गिऱ्हाइकांच्या रागावर घालू नये. मे २०१४ मध्ये मुख्य अधिकारी ग्रेग स्टाइनहाफेल यांनी खुर्ची सोडली. पण त्याच वर्षी होम डेपो या हार्डवेअरच्या साखळीतून ५.६ कोटी कार्डांची माहिती गेली, टार्गेटपेक्षा जास्त, आणि तिची विक्री वाढतच राहिली. माझा तर्क असा, की तोपर्यंत लोकांना अशा बातम्यांची सवय झाली होती. शिवाय गळका नळ बातमी वाचून थांबत नाही.

आणि आपण फार वेगळे आहोत असं समजू नका. ऑक्टोबर २०१६ मध्ये आपल्याकडे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती फुटल्याची बातमी आली. मी तेव्हा डोंबिवलीच्या शाखेत होतो. एक निवृत्त मास्तर आले, कार्डाचे कात्रीनं चार तुकडे करून पाकिटात घातलेले, पाकिटावर सुवाच्य अक्षरात "साभार परत". म्हणाले, "आजपासून रोख एके रोख." तीन आठवडे गेले नाहीत तोच ८ नोव्हेंबर उजाडला आणि नोटाबंदी आली. पुढच्या आठवड्यात मास्तर रांगेत उभे, काउंटरवर आल्यावर खालच्या आवाजात विचारतात, "नव्या कार्डाचा पिन किती दिवसांत येतो हो?" मी हसलो नाही. कपाटातून फॉर्म काढून दिला.

तेव्हा ताई, मुलगी बेफिकीर नाही. भाजीसाठी वीस मैल लांबचं दुकान धरायचं आणि तिथलं मशीन तरी सोवळ्यातलं आहे याची खात्री काय? तिला दुकान सोडायला सांगू नका, एवढंच विचारा की फुटलेलं कार्ड क्रेडिट होतं की डेबिट. डेबिट असेल तर पुढे तिथे ते काढू नकोस म्हणावं. आणि स्टेटमेंटमध्ये मोठे आकडे शोधू नकोस, एक-दोन डॉलरचे शोध. चोर आधी बोट घालून पाणी बघतो.

एक गोष्ट मात्र नव्या कार्डानं भरून येत नाही. टार्गेटनं जानेवारी २०१४ मध्ये सांगितलं की ७ कोटी लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर, ईमेल असलंही काही ना काही गेलं आहे. कार्ड बदलून मिळतं, पत्ता कोण बदलून देणार? मुलीला त्या दुकानाच्या नावानं गोड बोलणारे फोन आणि मेल येऊ लागतील. टोमॅटोपेक्षा तिकडे लक्ष ठेवायला सांगा.

(वाण्याबद्दल : एवढी वर्षं पुरेत. आता गल्ल्यावर त्याचा मुलगा बसत असेल.)


प्रश्न : माझं इचलकरंजीत कापडाचं दुकान आहे. अशा बातम्या आल्या की गिऱ्हाइकं मशीनकडे संशयानं बघतात. एक बाई तर कार्ड पदराखाली धरून पिन टाकतात. माझ्यासारख्या लहान दुकानदाराकडून काय चोरीला जाणार? आणि गिऱ्हाइकांना कसं समजवावं?
एक दुकानदार वाचक

उत्तर : त्या बाईंना नमस्कार सांगा, बरोबर करतायत. १ डिसेंबर २०१३ पासून आपल्याकडे दुकानात डेबिट कार्ड घासताना पिन सक्तीचा झाला, तेव्हा याच गिऱ्हाइकांनी आमच्या नावानं बोटं मोडली होती. नेमके तेच दिवस टार्गेटमधल्या चोरीचे. तिकडे अजून काळ्या पट्टीची कार्डं चालत. पट्टी घासली की कार्डाचा मजकूर दुकानाच्या बिलिंगच्या संगणकात क्षणभर उघडा पडायचा, आणि चोरांनी घातलेला प्रोग्राम त्याच क्षणी तो उचलायचा. चिपचं कार्ड दर वेळी नवा सांकेतिक आकडा देतं, त्यामुळे उचललेल्या मजकुरातून दुसरं कार्ड बनवून दुकानात चालवणं जमत नाही.

"माझ्याकडून काय जाणार" म्हणालात, म्हणून सांगतो. टार्गेटमध्ये चोर शिरले ते पुढच्या दारानं नाही. पेनसिल्व्हेनियातला एक ठेकेदार त्यांच्या दुकानांची फ्रीज-एसीची कामं करायचा. त्याचा लॉगिन-पासवर्ड चोरला आणि तिथून चोर आत. आता तुमच्या दुकानाचा वायफाय पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे ते आठवा. भिंतीवर खडूनं लिहिलेला नाही ना? बिलिंगचं सॉफ्टवेअर दुरुस्त करणारा पोरगा घरबसल्या तुमच्या संगणकात शिरतो, त्याला तुम्ही काम झाल्यावर बाहेर काढता का? फोनवरच्या ऑर्डरीसाठी कार्डाचे नंबर कुठल्या वहीत टिपून ठेवत असाल, तर ती पानं आजच फाडा. ऑनलाइन विक्री करणाऱ्या दुकानांनाही १ ऑक्टोबर २०२२ पासून गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर जपून ठेवायची रिझर्व्ह बँकेनं मनाई केली आहे.

आणि कुणी धोक्याची घंटा वाजवली तर ऐका. टार्गेटच्या संगणकांवर नजर ठेवणाऱ्या बंगळुरूच्या पथकानं नोव्हेंबर अखेरीसच इशारा मिनियापोलिसच्या मुख्य कचेरीला कळवला होता, असं पुढे छापून आलं. तिकडे कुणी हललं नाही. तुमच्या दुकानात ते बंगळुरू म्हणजे कदाचित गल्ल्यावर बसणारी तुमची सून असेल.

गिऱ्हाइकांना समजवू नका. मशीन उचलून त्यांच्या हातात द्या आणि पिन टाकताना मान फिरवा.


प्रश्न : शुक्रवारी रात्री माझ्या कार्डावरून ४,८०० रुपये कुठल्या तरी परदेशी साइटला गेल्याचा मेसेज आला. मी ओटीपी कुणालाच दिला नाही, कार्ड घरातच आहे. पैसे परत मिळतील का?
एक वाचक, लातूर

उत्तर : परदेशातल्या बऱ्याच साइटींना ओटीपी लागतच नाही, त्यामुळे तुमचं म्हणणं मला पटतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्याच कुणाची आहे, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्या अंगावर एक रुपयाही येत नाही. मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. दुसरा शनिवार असेल तर सोमवार, मंगळवार, बुधवार असे मोजा. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलंत तर ठरावीक मर्यादेपर्यंत झळ सोसावी लागते. बँकेनं तक्रारीपासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते.

आता खरं सांगा, बँकेला फोन केलात, की आधी मासिकाला पत्र टाकलंत? कारण या अंकाची छपाई होऊन तो लातूरला पोचेपर्यंत सात दिवस केव्हाच उलटून गेलेले असणार, आणि त्यापुढचं सगळं तुमच्या बँकेच्या धोरणावर. तरीही हे वाचून संपताच कार्डामागच्या नंबरला फोन लावा, मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला. दोन्हीकडून तक्रारीचा क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन खाली ठेवू नका.