गाडीतला टीव्ही लागत नाही आणि दुकानदार पैसे परत देत नाही

प्रश्न हडपसरच्या एका वाचकांचा आहे. त्यांची स्वतःची सात सीटर टुरिस्ट गाडी आहे आणि ते ती स्वतःच चालवतात. पुणे-मुंबई, शिर्डी, महाबळेश्वर अशा फेऱ्या असतात. गेल्या दसऱ्याला नाना पेठेतल्या एका दुकानातून त्यांनी डॅशबोर्डवर एक मोठी स्क्रीन, मागच्या प्रवाशांसाठी दोन लहान स्क्रीन आणि ‘डिजिटल टीव्ही ट्यूनर’ (टॉवरवरून येणारा टीव्हीचा सिग्नल पकडणारा डबा) असा संच ३८ हजार रुपयांना बसवून घेतला. ‘सगळे चॅनल चालत्या गाडीत दिसणार, रिचार्जची भानगड नाही,’ असं दुकानदाराने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. पहिल्या दिवसापासून स्क्रीनवर ‘नो सिग्नल’ येतं. दुकानदाराने आधी अँटेना बदलली, मग पुण्याभोवतीच्या डोंगरांना दोष दिला आणि शेवटी पावतीवरच्या ओळीकडे बोट दाखवलं: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ आता तो ट्यूनरऐवजी ‘सगळे चॅनल फुकट’ दाखवणारा अँड्रॉइड बॉक्स देतो म्हणतो. त्यातच स्वारगेटला समोरच्या स्क्रीनवर व्हिडिओ चालू दिसल्याने चलन झालं. पैसे मिळतील का आणि चलनाचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

तुमची पैशांची बाजू भक्कम आहे. ती कशामुळे भक्कम आहे हे नीट समजून घ्या, कारण ग्राहक आयोगापुढे तुम्हालाच ते सांगायचं आहे.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी एकात ट्यूनरच्या डब्याखालचं लेबल वाचता येतं. त्यावर ‘आयएसडीबी-टी’ असं छापलं आहे. ही जपानची प्रसारण पद्धत. तिथे एका चॅनलच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचे १३ भाग करतात आणि त्यातला एक भाग मोबाइल आणि गाड्यांसाठी राखलेला असतो. ही ‘वन-सेग’ सेवा जपानमध्ये २००६ साली सुरू झाली, म्हणून तिथल्या गाड्यांत टीव्ही सर्रास दिसतो. आपल्याकडे दूरदर्शनने जमिनीवरच्या डिजिटल प्रसारणासाठी ‘डीव्हीबी-टी२’ ही वेगळी पद्धत घेतली. एका पद्धतीचा ट्यूनर दुसऱ्या पद्धतीचा सिग्नल उलगडूच शकत नाही. तुम्ही गाडी सिंहगडावरच्या टीव्ही टॉवरखाली नेऊन उभी केलीत तरी त्या डब्यातून चित्र येणार नाही. काही डब्यांत जुन्या ॲनालॉग प्रसारणाचीही सोय असते. पण सीमाभागासारख्या मोक्याच्या ठिकाणची ५०-एक केंद्रं सोडून बाकीचं ॲनालॉग प्रसारण मार्च २०२२ अखेरपर्यंत बंद करण्यात आलं, त्यामुळे तोही मार्ग उरलेला नाही.

डोंगरांचा मुद्दा दुकानदार पुन्हा काढेल. चालत्या गाडीत सिग्नल पकडणं अवघड असतं हे खरंच आहे. इमारती आणि डोंगरांवर आदळून एकच सिग्नल वेगवेगळ्या वाटांनी, थोडा मागेपुढे पोहोचतो. म्हणून चांगल्या संचात काचेवर दोन किंवा चार अँटेना चिकटवतात आणि ट्यूनर क्षणोक्षणी त्यातला चांगला सिग्नल उचलतो. बोगद्यात तोही तुटतो. पण ही सगळी कारणं चित्र अधूनमधून जाण्याची झाली. तुमच्याकडे ते एकदाही आलेलं नाही. उत्तरात हा फरक ठासून सांगा.

आणि ‘सगळे चॅनल’? खासगी वाहिन्या आपल्याकडे उपग्रह, केबल किंवा इंटरनेटवरून येतात, जमिनीवरच्या टॉवरवरून नाही. योग्य पद्धतीचा ट्यूनर बसवला असता तरी फार तर दूरदर्शनच्या मोजक्या वाहिन्या दिसल्या असत्या. घरची डीटीएचची छत्री गाडीवर लावून भागत नाही, कारण गाडी वळली की छत्रीचा रोख उपग्रहावरून सुटतो. म्हणजे दुकानदाराने जे लिहून दिलं ते त्याने लिहिलं तेव्हाच खोटं होतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार वस्तूचा दर्जा किंवा उपयोग याबद्दल खोटी माहिती देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणंही त्याच कलमात येतं. पावतीवर मुदत दिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. सदोष मालाच्या बाबतीत ‘माल परत घेतला जाणार नाही’ या छापील ओळीला कायद्यापुढे किंमत नाही. तुम्ही पहिल्याच आठवड्यात तक्रार केल्याचे मेसेज आहेत, ते जपून ठेवा.

दुकानदाराचा वकील पहिला आक्षेप घेईल तो हा की गाडी धंद्याची आहे, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. कलम २(७) च्या स्पष्टीकरणात याचं उत्तर आहे: केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली असं धरत नाहीत. गाडी एकच, चालक तुम्हीच, घर त्यावरच चालतं, हे तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदात लिहा आणि परवान्याची प्रत जोडा. पगारी चालक ठेवून चार गाड्या फिरवणाऱ्याला हे इतकं सोपं गेलं नसतं.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य: ‘गाडी सुरू झाली की समोरची स्क्रीन बंद पडायची, म्हणून त्याला वायरचं काम करायला सांगितलं.’ हे वाचून मला काळजी वाटली. समोरच्या स्क्रीनच्या युनिटमधून एक वायर, बहुतेकदा पोपटी रंगाची, हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच समोर व्हिडिओ दिसावा, एवढंच तिचं काम. फिटर ती वायर थेट बॉडीच्या अर्थिंगला जोडून टाकतो, मग युनिटला हँडब्रेक कायम ओढलेलाच वाटतो. एक्सप्रेस वेवर सहा प्रवासी मागे बसलेले असताना तुमच्या डोळ्यांसमोर चित्र हलत राहतं. तुमची केस, चलन, ३८ हजार रुपये, हे सगळं बाजूला ठेवून सांगतो: उद्याची फेरी निघण्याआधी ती वायर पूर्ववत करून घ्या. त्याआधी जोडणीचे फोटो काढा. ट्यूनरच्या दोषाचा पुरावा यामुळे कमी होत नाही, म्हणून केससाठी थांबायचं कारण नाही.

हे काम तुमच्याच सांगण्यावरून झालं, त्यामुळे तक्रारीत समोरच्या स्क्रीनबद्दल भरपाई मागू नका आणि चलनाची रक्कम दुकानदाराकडे मागू नका. उलटतपासणीत ते तुमच्यावरच उलटेल आणि ट्यूनरची स्वच्छ केस त्यात मळेल. मागच्या दोन स्क्रीनचा प्रश्न नाही, त्या चालकाला दिसत नाहीत. संच बसवल्याने आरसीवर नोंदलेलं काही बदलत नाही, म्हणून आरटीओच्या परवानगीची चिंताही नको.

चलनावर कोणतं कलम आहे ते पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम १७७, म्हणजे सर्वसाधारण नियमभंग, असेल तर पहिल्या वेळी ५०० रुपयांचं प्रकरण आहे, भरून मोकळे व्हा. कलम १८४, म्हणजे धोकादायक वाहन चालवणं, लावलं असेल तर एक ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. तसं असेल तर वकील न गाठता काहीही कबूल करू नका. ऑक्टोबर २०२० पासून रस्ता शोधण्यापुरता मोबाइल वापरायला नियमांत मुभा आहे, पण चालकाची एकाग्रता मोडणार नाही अशा बेताने. ती सवलत व्हिडिओला लागू होत नाही.

ट्यूनरच्या बदल्यात अँड्रॉइड बॉक्स स्वीकारू नका. पैसे भरून पाहायच्या वाहिन्या फुकट दाखवणारी ॲप चोरीचं प्रसारण उचलतात. त्यात तुमच्या गाडीत पैसे देणारे प्रवासी असतात. पैसे घेऊन लोकांना प्रसारण विनापरवाना दाखवणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ मध्ये येतं. शिवाय बॉक्स घेतलात की ‘वाद मिटला होता’ असं म्हणायची सोय दुकानदाराला मिळते.

करायचं ते असं. दुसऱ्या जाणकार फिटरकडून किंवा सर्व्हिस सेंटरकडून ट्यूनर तपासून लेबलसह लेखी अहवाल घ्या. मग दुकानदाराला स्पीड पोस्टाने, पोच घेऊन, १५ दिवसांची नोटीस द्या. त्यात खरेदीची तारीख, व्हॉट्सॲपवरचं वाक्य जसंच्या तसं, लेबलवरची पद्धत आणि मागणी लिहा. पक्कं बिल नसेल तर यूपीआयची नोंद चालेल, आणि बिल न देणं हाही त्याचाच दोष आहे. उत्तर आलं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. व्हॉट्सॲपच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. मुदत दोन वर्षांची आहे, पण फिटर आणि दुकानं बदलतात, म्हणून थांबू नका.

मागणी ट्यूनर, त्याची अँटेना आणि बसवणावळ यांची रक्कम व्याजासह, त्रासाबद्दल माफक भरपाई आणि खर्च एवढीच ठेवा. स्क्रीन चालू आहेत, त्यांचे पैसे मागितलेत तर आयोग विचारेल की मग वापरता कशाला. नोटीस मिळाल्यावर दुकानदार तडजोडीला आला तर पैसे खात्यात जमा झाल्यावरच डबा द्या, आणि देताना त्यावरचा सीरियल नंबर लिहिलेली पोचपावती त्याच्या सहीशिक्क्याने घ्या.