मामांनी मला एक्झिक्युटर केलंय, आता खर्च कोणी करायचा?

प्रश्न: आमचे मामा बेळगावात शहापूरला राहायचे, दोन महिन्यांमागं वारले. मृत्युपत्र रजिस्टर केलेलं आहे, घर मामीला, खानापूर तालुक्यातली शेती आणि एफडी दोन्ही मुलींना, आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणं सगळं पार पाडणारा, म्हणून माझं नाव. सोसायटीचं कर्ज आहे, दवाखान्याचं बिलही थोडं बाकी आहे. एक जण म्हणतो प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) काढल्याशिवाय कशालाच हात लावू नको, मुली म्हणतात एफडी मोडून लगेच वाटून टाक. खर्च माझ्या अंगावर येणार काय? (एक भाचा, खानापूर)

उत्तर: वाटायची घाई अजिबात करू नका, मुली कितीही मागं लागल्या तरी. एक्झिक्युटरनं आधी मयताची देणी फेडायची आणि उरेल ते मृत्युपत्राप्रमाणं द्यायचं. तुम्ही आधी वाटून बसला आणि मग कर्जाला पैसे कमी पडले तर ते तुमच्या खिशातून भरून द्यायची पाळी येऊ शकते. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात क्रम दिलाय: सगळ्यात आधी क्रियाकर्माचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारपणातला औषधपाणी-डॉक्टरचा खर्च, मग प्रोबेट काढलं असेल तर त्याचा खर्च, मग घरकामाच्या बाईचा किंवा गड्याचा मयताच्या शेवटच्या तीन महिन्यांतला थकलेला पगार, आणि त्यानंतर सोसायटीसारखी बाकीची कर्जं. बाईच्या पगाराचं बहुतेक घरात कुणाच्या ध्यानातच राहत नाही, ती बिचारी मागायलाही येत नाही, तर तुम्ही आठवणीनं विचारा. मुलींना सांगा की वाटपाला कायदाच मृत्यूपासून एक वर्षाची सवड देतो, त्याआधी तुमच्यावर सक्ती नाही.

म्हणजे खर्च तुमचा नाही, मामांच्या मालमत्तेतून जायचा, पण तो दाखवता आला पाहिजे. एक जाड वही घाला, डाव्या पानावर आलेले पैसे, उजव्या पानावर गेलेले, आणि भटजींच्या दक्षिणेपासून झेरॉक्सपर्यंत जी पावती मिळेल ती तिथंच चिकटवा. पावती नसेल तर तारीख घालून मामीची सही घ्या. भावकीत संशय शिरतो तो तोंडी हिशेबामुळंच.

आता प्रोबेट. आपल्याकडं हिंदूंच्या मृत्युपत्राला ते सक्तीचं नव्हतंच. बेळगाव जुन्या मुंबई इलाख्यात असलं तरी सक्ती मुंबई शहरातल्या हायकोर्टाच्या हद्दीपुरती होती, तिकडचं ऐकून लोक इकडं सांगत बसतात, आणि ती सक्ती घालणारं त्याच 1925 च्या कायद्यातलं कलम 213 सुद्धा 2025 च्या डिसेंबरात संसदेनं काढून टाकलंय. पण सक्ती नाही म्हणून उपयोग नाही असंही नाही. घरातलं कोणी मृत्युपत्रच खोटं म्हणत असेल किंवा बँक अडून बसली असेल तर जिल्हा कोर्टातून काढून घेतलेलं बरं. कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर असते, वर वकील, पेपरातली नोटीस, नकला, आणि कोणी हरकत घेतली की तो सरळ दाव्यासारखा चालतो, मग वर्षं जातात. सगळे एकमतानं असतील तर एवढा खर्च कशाला? एफडीला नॉमिनी असेल तर बँक त्याच्या हातात पैसे देईल, पण नॉमिनी मालक होत नाही, तो सांभाळणारा, हे मुलींनाही समजावा.

शेतीच्या उताऱ्यावर नाव चढवायला मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि मृत्युपत्राची नक्कल घेऊन अर्ज द्या, कर्नाटक महसूल कायद्यात त्याला तीन महिन्यांची मुदत आहे, तुमचे दोन गेलेत, तेव्हा हे काम ह्याच आठवड्यात. शेती वडिलोपार्जित असेल तर मात्र मामांना फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येत होतं, हे आधी जुन्या उताऱ्यांवरून बघून घ्या.

आणि साक्षीदार! मृत्युपत्रावर सह्या केलेले दोघं कुठं आहेत, हयात आहेत का, ते आत्ताच शोधून ठेवा. रजिस्टर झालेलं असलं तरी कोर्टात वाद गेला तर साक्षीदार हयात असेल तेव्हा निदान एकाला उभं करावंच लागतं.

प्रश्न: वडिलांनी मृत्युपत्र साध्या कागदावर मराठीत लिहिलंय. इकडच्या कोर्टात चालेल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर: चालतं. भाषेची अट नाही, स्टॅम्प पेपरचीही नाही, वडिलांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत. प्रोबेटला गेलात तर अर्जाला भाषांतर जोडावं लागतं, कोर्टाचा मराठी भाषांतरकार नसेल तर दोन्ही भाषा नीट येणारा माणूस ते करून स्वतःच्या सहीनं तसं लिहून देऊ शकतो. मूळ कागद मात्र कोणाच्या हाती सोडू नका, त्याला पंचही करू नका, लॅमिनेशनही नको.