शुक्रवारचा व्हिडिओ चुकला की लोक चिडतात, काय करू?

प्रश्न : नमस्कार ताई, मी पारोळा तालुक्यातला, शेती करतो आणि दोन मित्रांना घेऊन यूट्यूबवर अहिराणी कॉमेडी टाकतो. वर्षभर दर शुक्रवारी संध्याकाळी सातला न चुकता व्हिडिओ टाकला. मग कापूस वेचणी आली, मजूर मिळेना, दीड महिना काहीच टाकलं नाही, तर खाली कमेंट सुरू, 'कथा गया भाऊ' (कुठे गेला भाऊ), 'चॅनल इकी टाकं का' (चॅनल विकलं का). भरपाई म्हणून आता आठवड्याला तीन टाकतो तर व्ह्यूज निम्म्यावर आले, वर म्हणतात पहिल्यासारखी मजा नाही. नेमके किती टाकायचे?

उत्तर : दादा, किती टाकायचे हा प्रश्न नंतरचा आहे, आधी हे बघा की लोकांना सवय कोणी लावली? तुम्हीच! वर्षभर शुक्रवार सात म्हणजे कुणाच्या तरी घरी भाकरी थापता थापता फोन चुलीपाशी उभा करून ठेवलेला असणार, आणि तुम्ही न सांगता गायब, मग चिडतील नाहीतर काय. त्यांना दीड महिना जड गेला नाही हो, न सांगणं जड गेलं.

आपल्याच भागातले भालचंद्र नेमाडे बघा, यावल तालुक्यातल्या सांगवीचे. 'झूल' १९७९ ला आली आणि त्यानंतरची कादंबरी 'हिंदू' थेट २०१० ला, ३१ वर्षं! लोकांनी वाट बघितली, कुरकुरही केली असेल, पण दर शुक्रवारी सातला देतो असं नेमाडे कधी म्हणाले नव्हते. (तुम्ही नेमाडे नाही, मी पण नाही, म्हणून ३१ वर्षं घेऊ नका.)

तीनचा घोळ वेगळा आहे. तुम्हाला वाटलं भरपाई, पण बघणाऱ्याला महिन्याभरात तेच नॉर्मल वाटायला लागतं, म्हणजे उद्या दोन टाकले तरी कमीच. आणि एक राहिला तर दुसरा आहेच म्हणून तो 'नंतर बघू' म्हणतो, ते नंतर काही येत नाही. शिवाय तीन स्क्रिप्ट, तीन शूट, एडिटिंग आणि कपाशीची फवारणी, मजा कुठून राहणार? भरीत रोज केलं तर घरचे पण कंटाळतात, वांगी बामणोदची असली तरी.

माझं मत विचाराल तर वेग ठरवताना रिकामा महिना बघू नका, वेचणीचा महिना बघा. त्या महिन्यात महिन्याला दोन जमत असतील तर वर्षभर दोनच, पण वार आणि वेळ पक्की. नाहीतर सरळ सीझन करा, दहा भाग आणि मग सुट्टी, शेवटच्या भागातच सांगून टाकायचं की आता वेचणी, भेटू अमुक तारखेला. शूट उन्हाळ्यात उरका, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी-बहिणी माहेरी आलेल्या असतात, बायकांचे रोल करायला माणसं मिळतात (मित्राला लुगडं नेसवणं बंद करा, ते खरंच पुरे झालं). आणि सगळं शेड्यूल करून ठेवा, तुम्ही वावरात असलात तरी व्हिडिओ सातला आपोआप सुटतो.

पैसे चालू असतील तर एवढं लक्षात ठेवा की ६ महिने किंवा जास्त काळ काहीच टाकलं नाही, साधी पोस्ट सुद्धा नाही, तर यूट्यूब कमाई बंद करू शकतं. दीड-दोन महिन्यांच्या सुट्टीला तो धोका नाही.

तीनवरून खाली येताना मात्र गुपचूप येऊ नका, एक मिनिटाचा व्हिडिओ टाका, वावरात उभं राहून, अहिराणीत, की भाऊसहोन कापूस येची राह्यनू (भावांनो, कापूस वेचतोय). चॅनल विकलं का विचारणाऱ्यावर राग धरू नका, शुक्रवारी सातला सगळ्यात आधी तोच येऊन बसत असणार.