घर, मुलं, नोकरी आणि विणकाम: दहा-दहा मिनिटांच्या वेळात हे जमतं का?

तुम्ही विचारलंय की घरात दोन लहान मुलं आहेत, नोकरी आहे, वडीलधारी माणसं आहेत. लग्नाआधी थोडंफार विणकाम शिकला होतात, आता पुन्हा हातानं काहीतरी करावंसं वाटतंय. पण वेळ मिळतो तो दहा-दहा मिनिटांचा, हातात घेतलेलं पुरं होत नाही, आणि बसलं की घरातली कामं टाकून बसल्यासारखं वाटतं. यात खरंच आनंद आहे का, की हे निवांत माणसांचं काम, असा तुमचा प्रश्न.

मी सोळा वर्षं विणतेय. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा नऊचा, म्हणजे जवळजवळ सगळं विणकाम मुलांच्या गराड्यातच झालं. त्यामुळे खात्रीनं सांगते, आनंद आहे आणि भरपूर आहे. आणि हे निवांत माणसांचं काम कधीच नव्हतं.

ज्युडिथ ब्राऊन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० साली एक छोटासा लेख लिहिला होता. ठरावीक कामंच बायकांकडे का आली, हा त्यांचा प्रश्न. त्यांचं उत्तर असं की मुलांवर लक्ष ठेवता ठेवता जी कामं करता येतात, तीच त्यांच्याकडे आली: ज्यात मुलाला धोका नाही, ज्यात सगळं चित्त ओतावं लागत नाही, जी मधेच सोडता येतात आणि सोडलेल्या जागेवरून पुन्हा सहज उचलता येतात. हे वाचलं तेव्हा मी हातातलं विणकाम खाली ठेवून परत एकदा वाचलं. कातणं, विणणं, शिवणं, सगळं या वर्णनात चपखल बसतं. (हे बायकांचंच काम आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझा मुलगा माझ्यापेक्षा एकसारखे टाके घालतो.) मधेच सोडता येणं हा या कामाचा मूळ गुण आहे, आणि मी मात्र सलग दोन तास मोकळे मिळण्याची वाट बघत मुलगी लहान असताना दोन वर्षं सुया कपाटात ठेवल्या होत्या. त्या दोन वर्षांची मला आजही हळहळ वाटते.

तुम्हाला माझा पहिला सल्ला, सध्या क्रोशे घ्या, म्हणजे एकाच आकडीच्या सुईनं करायचं विणकाम. दोन सुयांवरच्या विणकामात त्या ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. मुलानं सुई ओढली की वीस-तीस टाके मोकळे, आणि एकेक टाका खालच्या ओळींत घसरत शिडी होते. क्रोशात कितीही मोठं काम असो, उघडा असतो फक्त एक टाका. कुणी हाक मारली की तो बोटभर लांब ओढायचा, सुई काढायची आणि उठायचं. परत आल्यावर दोरा ओढून तो टाका पुन्हा सुईपुरता करायचा. अगदी ‘आई’ म्हणायच्या आत सोडता येतं. शिवाय चुकलं तर हवं तेवढं उसवून तिथूनच पुढे.

ज्यांना सुयांचंच वेड आहे (मलाही आहे), त्यांनी दर दहा-बारा ओळींनंतर सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवून तो तसाच राहू द्यावा. पुढे कितीही गोंधळ झाला तरी उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं. आणि एखादाच टाका गळला असेल तर घाबरू नका. क्रोशाची सुई खालच्या सुट्या टाक्यात घालायची, शिडीची आडवी पायरी त्यातून ओढून घ्यायची, मग वरची, मग त्याच्या वरची. टाका पायऱ्या चढत वर येतो आणि गळल्याची खूणसुद्धा राहत नाही. मुलीला हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा तिनं मला मुद्दाम आणखी तीन टाके गाळायला लावले.

काम टाकून बसल्यासारखं वाटतं, असं तुम्ही म्हणता. मलाही वाटायचं. ते कमी झालं विणकाम खोलीतून बाहेर, सगळ्यांच्या मधे आणल्यावर. आता माझ्या दोन पिशव्या असतात. एकीत बिनमोजणीचं काम, म्हणजे सरळसोट खांबांची (खांब म्हणजे क्रोशातला उंच टाका) शाल किंवा पांघरूण, जे न बघता होतं. दुसरीत नक्षीचं, ज्यात टाके मोजावे लागतात. दुसरी पिशवी सगळे झोपल्यावर निघते. पहिली दिवसभर बैठकीत असते. मुलगा धडा वाचून दाखवतो, सासरे बातम्यांतलं काही सांगतात, नवरा ऑफिसचं काही बोलतो, आणि माझे हात चालू असतात. हात गुंतलेले असले की मी मधे तोंड घालत नाही, उठून काही आवरायला लागत नाही, फोन हातात घेत नाही. पूर्ण ऐकते.

मुलीच्या बाबतीत तर याचा फार उपयोग झाला. चौदाव्या वर्षी समोर बसवून डोळ्यांत डोळे घालून विचारलं तर ‘काही नाही’ एवढंच उत्तर येतं. मी मान खाली घालून विणत असले की ती शेजारी येऊन बसते. आधी गुंडा हातात घेऊन खेळते, मग एखादी ओळ झाली की हळूच सुरू करते, शाळेत कुणी कुणाशी बोलत नाही, कुणाला काय वाटलं. मी वर बघत नाही. ‘हं’ म्हणते आणि टाका घालते. मला तिच्याबद्दल जे काही खरं माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्या पांघरुणाच्या ओळींमध्ये कळलेलं आहे.

सासऱ्यांची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. ते मितभाषी. सासूबाई गेल्यावर आणखीच गप्प झाले. एक दिवस त्यांनी स्वतः होऊन एक करडा स्वेटर आणून माझ्यासमोर ठेवला. सासूबाईंनी विणलेला, दोन्ही कोपर विरलेले. ‘याचं काही होईल का?’ एवढंच म्हणाले. मी सांगितलं की कोपराशी लोकर तुटेल, पण पाठ, पोट आणि बाह्यांचा वरचा भाग उसवला तर चांगली लोकर निघेल. उसवलेली लोकर नागमोडी असते, तशीच विणली तर टाके वेडेवाकडे दिसतात. म्हणून तिची लडी करायची, कोमट पाण्यात भिजवायची, न पिळता टांगून वाळवायची. वळणं निघून जातात. मग लडी कुणाच्या तरी दोन्ही हातांवर चढवून तिचा गुंडा करायचा.

ते हात सासऱ्यांचे होते. अंगठे वर, पंजे एकमेकांसमोर, हातभर अंतर. मी गुंडाळत होते आणि दोऱ्याच्या लयीत त्यांचे हात आपोआप डावी-उजवीकडे झुकत होते. असं बसल्यावर ना धरणाऱ्याला उठता येतं, ना गुंडाळणाऱ्याला. मला उसवताना एक गोष्ट दिसली होती. पाठीच्या मधोमध एका ओळीपासून करडा रंग किंचित निळसर झाला होता. अंगात असताना कधी लक्षात आलं नव्हतं. मी त्यांना विचारलं. म्हणाले, ‘लोकर संपली होती. मी आणायला गेलो, तर नेमका तोच रंग मिळेना. हाच आहे म्हणून सांगितलं तिला. विणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.’ मग हसले, आणि मग बराच वेळ सासूबाईंबद्दल, त्या घराबद्दल, नवरा लहान असतानाचं कायकाय सांगत राहिले. तीन लड्या होत्या. तिसरी मी मुद्दाम सावकाश गुंडाळली.

त्या लोकरीची दोन्ही नातवंडांना एकेक टोपी झाली. निळसर करडी मुलाची, नुसती करडी मुलीची.

(यातला व्यवहाराचा भाग: लोकर एकेका खेपेत रंगवली जाते, आणि प्रत्येक खेपेचा रंग थोडा वेगळा उतरतो. वेष्टणावर रंगाच्या क्रमांकाबरोबर त्या खेपेचाही क्रमांक असतो. मोठं काम असेल तर सगळे गुंडे एकाच खेपेचे घ्या, आणि एक जास्तीचा.)

मुलांना शिकवायचं असेल तर त्यांच्या चुका लगेच उसवू नका. मुलगा सात वर्षांचा असताना गोल चकती करत होता. मुक्या खांबांची (मुका खांब म्हणजे क्रोशातला आखूड टाका) चकती सपाट हवी तर पहिल्या फेरीत सहा टाके, मग बारा, मग अठरा, चोवीस, दर फेरीला सहाच वाढवायचे. त्यानं प्रत्येक टाक्यात दोन दोन घातले. सहाचे बारा, बाराचे चोवीस, चोवीसचे अठ्ठेचाळीस. चकतीला भरगच्च झालर सुटली आणि तो रडकुंडीला आला. मी त्याला सांगितलं की डायना टायमिना नावाच्या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात नेमकं असंच काहीतरी मुद्दाम विणलं होतं. भूमितीत अतिपरवलयी प्रतल नावाचं एक पृष्ठ असतं. ते केंद्रापासून दूर जाताना इतकं झपाट्यानं पसरतं की सपाट राहूच शकत नाही. त्याचे कागदी नमुने फाटायचे, चुरगळायचे. टायमिनांनी ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत नेऊन ते क्रोशानं केलं, आणि विद्यार्थ्यांना ते हातात धरून, दुमडून बघता येऊ लागलं. मुलानं डोळे पुसले आणि आणखी दोन फेऱ्या घातल्या. त्याची ती झालर अजून पुस्तकांच्या फळीवर आहे.

विकत मिळत असताना करायचं कशाला, हा प्रश्न तुम्हाला घरात कुणीतरी विचारेलच. विणकामाचं यंत्र विल्यम ली यांनी १५८९ मध्ये केलं, तेव्हापासून तो प्रश्न आहे. क्रोशाचा खरा टाका मात्र कारखान्यातल्या यंत्रांवर निघत नाही, बाजारात दिसणारी खऱ्या क्रोशाची वस्तू कुणाच्या तरी हातानंच झालेली असते. माझ्यापुरतं म्हणाल तर मी वस्तूसाठी विणतच नाही. दिवसभर मी जे करते ते संध्याकाळपर्यंत पुसलं जातं. घासलेलं पुन्हा खरकटं होतं, घडी केलेलं विस्कटतं. घातलेली ओळ मात्र दुसऱ्या दिवशी तिथेच असते. चार ओळी झाल्या असतील तर चारच, पण त्या असतात. पुरं न होण्याचं दुःख मला यामुळेच उरलं नाही. बैठकीतलं पांघरूण तीन वर्षं चालू आहे आणि अर्धवट असतानाच मुलं ते पायांवर घेऊन बसतात.

लोकरीबद्दल थोडं. घरात सगळेच कपडे धुतात, त्यामुळे सुरुवातीला सुती किंवा अ‍ॅक्रिलिक घ्या. खऱ्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखं घट्ट होतं, परत सुटत नाही. माझा एक महिन्याचा नक्षीकामाचा गळपट्टा असाच यंत्रातून वीतभर होऊन निघाला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. पण आटलेली लोकर कापली तरी उसवत नाही, म्हणून मुलीनं त्यातून बाहुलीसाठी चपला कापल्या. लोकर टोचते ती बहुतेक वेळा जाड तंतूंच्या टोकांमुळे, साधारण तीस मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड टोकं कातडीला बोचतात. विकत घेताना गुंडा मानेला लावून बघा, तळहाताला कळत नाही. तान्ह्या बाळाच्या वस्तूंना बटणं, मणी आणि मोठी भोकं नकोत, त्यात बोटं अडकतात.

सुरुवातीला पाच मिलिमीटरची सुई आणि फिक्या रंगाचा, गुळगुळीत, मध्यम जाडीचा दोरा घ्या. गडद किंवा केसाळ दोऱ्यात टाके दिसतच नाहीत आणि उगाच वाटतं की आपल्याला जमत नाही. एकवीस साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घाला, प्रत्येक ओळीत वीसच येतात का बघा, आणि ओळ संपली की एक साखळी घालून वळा. कडेचे टाकेच चुकतात, म्हणून ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्याला एकेक सेफ्टी पिन लावून ठेवा. कात्री आणि सुया तेवढ्या मुलांच्या हाताबाहेर, उंचावर. चौकोनाच्या कडा तिरक्या व्हायला लागल्या तर प्रत्येक ओळीतले टाके मोजून इथेच खाली लिहा. कुठल्या ओळीत कुठला टाका निसटला ते मी सांगेन.