‘तो तसला आहे’ म्हणून अर्ज बाद होतो का?

प्रश्न : वय २८, बारावी पास. ग्रामपंचायतीला उभा राहतोय. मी समलिंगी आहे. पुण्यातला जोडीदार घरच्यांना मित्र म्हणून माहीत आहे. समोरच्या पॅनेलमधला एक जण म्हणतो, ‘अर्ज मागे घे, नाहीतर छाननीत सगळ्यांसमोर काढतो. तसल्यांना उभं राहता येत नाही.’ खरं आहे का?

उत्तर : साफ खोटं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये अपात्रतेची लांबलचक यादी आहे, त्यात कोणाचं कोणावर प्रेम आहे हे कुठेच नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाकही ६ सप्टेंबर २०१८ ला संपला. शपथपत्रात पती-पत्नीची मालमत्ता विचारतात, तिथे तुम्ही अविवाहित. समलिंगी विवाहाला सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्यता दिली नाही, त्यामुळे जोडीदाराचं नाव लिहायचं कारण नाही. दोघांच्या नावावर फ्लॅट असेल तर आपला हिस्सा मात्र दाखवा.

भादली बुद्रुकला (जि. जळगाव) महिला राखीव जागेवरचा एका तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला होता. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला आणि त्या निवडूनही आल्या. तुमच्याबाबतीत तर तेवढाही मुद्दा निघत नाही.

खरी भीती दुसरीकडे आहे. बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत घरपट्टी-पाणीपट्टी भरली नसेल तर अपात्रता. वडिलांचा गोठा सरकारी जागेत असेल आणि तुम्ही ती जागा वापरत असाल तर तेही अंगावर येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात हेच सांगितलंय. जिंकल्यावरही विरोधक यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतो. म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) बेबाकी, म्हणजे थकबाकी नसल्याचा, दाखला आजच घ्या. जन्म १९९५ नंतरचा, म्हणजे सातवी पासची अटही लागू. शाळेचा दाखला जोडा.

आता धमकी. बदनामीचा धाक घालून अर्ज मागे घ्यायला लावणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली धमकावणी, शिवाय १७१ खाली निवडणुकीतला गैरवाजवी दबाव. कलम १७५ च्या नादी मात्र लागू नका, ते खोट्या विधानांपुरतं आहे आणि तुम्ही समलिंगी आहात हे तर तो खरं बोलतोय. मेसेज, कॉल रेकॉर्डिंग जपून ठेवा. पोलीस बहुधा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतील. घेऊ द्या, नोंद राहते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यालाही लेखी कळवा, पोच घ्या. त्यात समलिंगी असल्याचा उल्लेख करायची गरज नाही, ‘खासगी बाबीवरून दबाव’ एवढं पुरे. माघारीच्या दिवशी तहसीलला एकटे जाऊ नका.