आधी दोरी, मग लंगोट

“सातवा महिना संपत आलाय. आई बाळंतपणासाठी तीन महिने येणार आहे आणि जुन्या सुती साड्यांचे लंगोट शिवून आणते म्हणतेय. नवऱ्याच्या मते हा वेडेपणा आहे, सरळ डायपरची खोकी आणावीत. मी मधल्यामध्ये. नेटवर बघायला गेले तर पॉकेट, प्रीफोल्ड, बांबू, हेम्प असलं काय काय, डोकं गरगरलं. दोन खोल्यांचा भाड्याचा फ्लॅट, खाली गालिचा, वॉशिंग मशीन तळघरात आणि सगळ्या मजल्याचं मिळून एक. कापडी नॅपी जमतील का? आणि कुठल्या घेऊ?”

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: मशीन तळघरात, आणि सगळ्यांचं मिळून एक. कुठली नॅपी घ्यायची हे बाळाकडे बघून फारसं ठरत नाही. ती कुठे धुतली जाणार, कोण धुणार आणि कशावर वाळणार, यावर सगळं आहे. म्हणून आधी दोरी बघायची, मग लंगोट.

मी हे बरोबर उलटं केलं होतं. पहिल्या वेळी नक्षी बघून एकाच जातीच्या चोवीस पॉकेट नॅपी आणल्या, आत घालायचे पॅड मायक्रोफायबरचे, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्यांच्या कापडाचे. हत्ती, ढग, चांदण्या, सगळं होतं. दीड महिन्यात त्यांना असा वास यायला लागला की धुतलेली कोणती आणि वापरलेली कोणती हे नाकाने सांगता येईना. वर बाळाला कडेवर घेतलं की माझा कुर्ता ओला. मायक्रोफायबरचा स्वभावच तसा: पाणी झटकन पितो, पण दाबला की स्पंजासारखा ओकतो, आणि साबण नीट पोचला नाही तर वास धरून बसतो. तो कातडीला थेट लागूही द्यायचा नसतो, कातडीची ओल ओढून ती कोरडी करतो. हे सगळं मला पैसे गेल्यावर कळलं.

तर हिशोब मांडू. नवजात बाळाला दिवसाला दहा ते बारा बदल लागतात, पुढे सहा-आठवर येतात. एक दिवसाआड धुणार असाल तर बावीस ते चोवीस कापडं हवीत आणि वरून घालायची पाच-सहा जलरोधक कव्हरं. कव्हर दर वेळी धुवावं लागत नाही. शी लागली नसेल तर पुसायचं, वाऱ्यावर ठेवायचं आणि आलटूनपालटून वापरायचं.

आता आईचं काय? आईचं निम्मं बरोबर आहे. धुवून धुवून मऊ झालेलं सुती कापड बाळाच्या कातडीसाठी उत्तमच, आणि एका पदराचं असल्यामुळे ते वाळतंही पटकन. फक्त बंदाचा त्रिकोणी लंगोट शू अडवत नाही, ती बाळाला लागल्याचं सांगतो. पुढचं काम दुपट्याचं, मग गादीचं, मग कडेवर घेणाऱ्याचं. बाळ भिजलं की हातासरशी बदलणारी माणसं घरात असतील तर ही पद्धत झकास चालते आणि रॅशही क्वचित येते. पण तीन महिन्यांनी आई परत जाईल, आणि खाली गालिचा असलेल्या भाड्याच्या घरात तुम्ही दोघंच उराल. म्हणून कापड आईचं, वरचं कव्हर बाजारचं. मॅरियन डोनोव्हन नावाच्या अमेरिकन बाईनं १९४०च्या दशकात याच त्रासाला कंटाळून न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा कापला आणि त्यातून लंगोटावर चढवायचं कव्हर शिवलं. १९५१ साली तिला त्याचं पेटंट मिळालं. आजची कव्हरं तिच्याच वंशातली, फक्त प्लास्टिकच्या जागी पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेलं कापड आलं, ज्याला पीयूएल म्हणतात. ते पाणी अडवतं पण प्लास्टिकसारखं कोंडून टाकत नाही.

आईला सांगा, लंगोट शिवू नकोस, चौकोन शीव. साधारण सत्तर सेंटिमीटरचे, साडी पातळ असेल तर दुहेरी, चारी बाजू दुमडून टीप घातलेले. असा चौकोन हवा तसा घडी घालता येतो: नवजातासाठी त्रिकोण, मोठ्या बाळासाठी मध्ये जाड पट्टी. मुलगा असेल तर जाडी पुढे, मुलगी असेल तर मधोमध. धुताना घडी उलगडली की साबण सगळीकडे पोचतो आणि वाळताना हवा. तळघरातल्या सामायिक मशीनसाठी याहून शहाणी वस्तू नाही. बांधायला सेफ्टीपिन नको, तीन टोकांची दातेरी रबरी पिन मिळते, ती टोचत नाही. किंवा काहीच न बांधता पट्टी करून कव्हरात ठेवली तरी चालतं.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला त्यातले एक-दोनच लागतील. प्रीफोल्ड म्हणजे मध्ये जास्त पदर शिवलेलं आयतं कापड, घडीची कटकट कमी, वाळायला जरा जास्त वेळ. पॉकेट म्हणजे कव्हरालाच आतून अस्तर आणि मधल्या खिशात पॅड. बाबांना, पाळणाघराला सोपं. ऑल-इन-वन, म्हणजे कव्हर आणि पॅड एकत्रच शिवलेली, दिसायला सगळ्यात देखणी, घालायला डायपरइतकी सरळ, आणि ड्रायर नसलेल्या घरात दीड दिवस ओलीच. हिच्या मोहात पडू नका. पॅडच्या कापडांत सुती लवकर शोषतं, बांबूचं (म्हणजे खरं तर बांबूपासून केलेलं व्हिस्कोस) जास्त शोषतं पण सावकाश वाळतं, हेम्प (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड) सगळ्यात जास्त साठवतं पण हळूहळू पितं. म्हणून हेम्प नेहमी सुतीच्या खाली ठेवायचं, वर नाही.

पहिल्या दिवसापासून कापडीच हवं असा हट्ट धरू नका. पहिले दोन-तीन दिवस जी काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट शी होते ती कापडावरून निघता निघत नाही. नाळ गळेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले एक ते तीन आठवडे, नॅपीची पुढची कड बेंबीच्या खाली दुमडावी लागते. टाके, दूध, जागरण हे सगळं त्याच काळात. तेव्हा दोन-तीन आठवडे डायपर वापरा आणि अपराधी वाटून घेऊ नका. शिवाय ‘वन साइझ’ म्हणून विकलेल्या बहुतेक नॅपी चारेक किलोच्या खालच्या बाळाच्या काटकुळ्या मांड्यांना सैलच पडतात.

गळती झाली की लोक कापडाला दोष देतात, पण चूक बहुधा बसवण्यात असते. कव्हराचं इलॅस्टिक मांडीवर नको, मांडी आणि जांघेच्या घडीत बसायला हवं, चड्डीची कड बसते तिथे. पोटाशी दोन बोटं जातील इतकं सैल. आणि कव्हराच्या बाहेर आतल्या कापडाचं एक टोकही डोकावता कामा नये, कारण त्या टोकातून वातीसारखी ओल वर चढते आणि झबलं भिजतं. हे मी आठवडाभर रोज नवं झबलं बदलल्यावर शिकले.

आता धुणं. कोरडी बादली ठेवा, किंवा चेनची जलरोधक पिशवी. पाणी भरलेल्या बादलीत लंगोट भिजत घालायची जुनी सवय घरात आणू नका. रांगतं मूल बोटभर पाण्यातही बुडू शकतं, आणि तासन् तास भिजत राहिली की कव्हरंही खराब होतात. बाळ फक्त अंगावर पीत असेल तोवर शी पाण्यात विरघळते, वेगळं काही करावं लागत नाही. वरचं खाणं सुरू झालं की शी टॉयलेटमध्ये झटकायची, मग नॅपी बादलीत. शी उचलायला कागदी लायनर मिळतात. त्यांवर ‘फ्लश करता येतात’ असं छापलेलं असलं तरी कचऱ्यातच टाका, तुंबलेल्या नळाचं बिल घरमालक तुमच्याच नावानं पाठवेल.

घरचं मशीन असेल तर आधी थंड पाण्याचा छोटा वॉश, मग ६० अंशांवर मोठा वॉश. तुमचं तळघरातलं असल्यामुळे पहिला टप्पा वरच उरका: न्हाणीघरात गार पाण्यानं खळबळून घट्ट पिळा आणि पिळे घेऊन खाली जा. शेजाऱ्यांचे संबंध टिकतील. मोठ्या वॉशला पावडर पूर्ण मापाची घाला. ‘बाळाचे कपडे, म्हणून थोडीच’ हा विचार इथे अंगलट येतो, कारण कमी साबणात शूचे क्षार तसेच राहतात, मग अमोनियाचा डोळ्यांत जाणारा वास आणि लाल कातडी. पाणी जड असेल तर पावडर आणखी थोडी लागते. ड्रम पाऊण भरलेला असावा, फार रिकामा असला तर कापडं एकमेकांना घासली जात नाहीत. कव्हरं ४० अंशांपर्यंतच. फॅब्रिक सॉफ्टनर कधीही नाही, त्याचा थर बसला की कापड पाणी प्यायचंच सोडतं. सामायिक मशीनमध्ये आधीच्या माणसानं घातलेला सॉफ्टनर कप्प्यात उरलेला असतो, तेव्हा कप्पा एकदा धुवून घ्या. आई शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकणभर टाकायला निघेल, तिला प्रेमानं थांबवा. ६० अंश आणि पुरेसा साबण असताना त्याची गरज नाही, आणि कापडात राहिलेला अंश नाजूक कातडीला चुरचुरतो. दोन दिवसांवर धुणं साठवायचं नाही, फार तर तीन.

वाळवताना कव्हरं तापलेल्या हीटरवर थेट टाकू नका, आतला थर सुटतो. कापडं घरातच वाळत घालावी लागली तर खिडकी थोडी किलकिली ठेवा, नाहीतर हिवाळ्यात भिंतींवर बुरशी धरते. पिवळे डाग धुण्यानं जात नाहीत, उन्हानं जातात. ओलीच कापडं खिडकीच्या काचेशी ठेवलीत तर ढगाळ दिवशीही फिकी पडतात. आणि नाही पडली तरी स्वच्छ कापडावरचा डाग हा फक्त डाग असतो.

रॅशबद्दल एवढंच: कापडीत बाळाला ओल जाणवते, म्हणून दोन-तीन तासांनी बदलायचं आणि शी झाली तर तत्क्षणी. झिंकचं किंवा व्हॅसलीनसारखं मलम लावणार असाल तर मध्ये लायनर घाला, ते कापडाला चिकटलं की पाणी शोषलं जात नाही. घड्यांमध्ये लालभडक चट्टा आणि कडेनं सुटे ठिपके दिसले तर ती बहुधा बुरशी असते, तिथे घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवा.

आईशी आणखी एका गोष्टीवर बोलावं लागेल, लंगोटापेक्षा हीच महत्त्वाची. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ओढून घट्ट बांधायचे नाहीत. खुब्याचा सांधा अजून कोवळा असतो, पाय सरळ जखडले तर तो निखळण्याचा धोका वाढतो. हात हवे तर गुंडाळा, पाय मात्र बेडकासारखे दुमडता-हलवता यायला हवेत. ‘असलं जाड फडकं, पोराचे पाय फाकतील’ असं कुणी म्हटलं तर हेच सांगायचं: फाकलेलेच बरे.

आणि नवरोबा. त्यांना सगळं किंवा काहीच नाही असा सामना लावू नका. रात्री, प्रवासात, आजारपणात डायपर, दिवसा घरी कापड, असं निम्मंनिम्मं करणारी कितीतरी घरं आहेत. पर्यावरणाचा मुद्दा निघाला तर खरं तेच सांगा. ब्रिटनच्या २००८च्या सरकारी अभ्यासात अडीच वर्षांचा हिशोब डायपरला सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइड आणि कापडीला ५७० असा जवळजवळ बरोबरीत सुटला होता. पण मशीन भरून लावलं, दोरीवर वाळवलं आणि तीच कापडं दुसऱ्या बाळाला वापरली तर कापडीचा आकडा ४० टक्क्यांनी खाली येत होता. २०२३ च्या नव्या अभ्यासात कापडी सुमारे २५ टक्क्यांनी पुढे निघाली. ड्रायर चोवीस तास फिरवणार असाल तर ही बढाई मारू नका. पाळणाघरात मात्र आधी विचारा, काही ठिकाणी कापडी चालत नाही. चालत असेल तर आत पॅड घालून तयार ठेवलेल्या चार-पाच पॉकेट नॅपी आणि एक चेनची पिशवी एवढ्यासाठीच त्या विकत घ्या.

तुमची खरेदी अशी: आईनं शिवलेले चोवीस चौकोन, पाच कव्हरं (दोन वेगवेगळ्या मापांची, टिचबटणांची, वेल्क्रो धुण्यात कपड्यांना धरून ठेवतो), दोन रबरी पिना, रात्रीसाठी दोन हेम्पचे पॅड. जमलं तर कव्हरं कुणाची वापरलेली घ्या, आणि इलॅस्टिक ओढून बघा, सैल असेल तर नको. नवं कोरं सुती आणि हेम्पचं कापड पहिले पाच-सहा वॉश नीट शोषत नाही, त्यातलं नैसर्गिक तेल जावं लागतं. जुन्या साडीला ही अडचण नाही.

आठव्या महिन्यात एक काम करा. घरात असेल ते कुठलंही जुनं सुती कापड चौकोनी कापा, चार-सहा तुकडे तळघरात धुऊन आणा, जिथे वाळत घालणार तिथेच घाला आणि पूर्ण कोरडे व्हायला किती तास लागतात ते लिहून ठेवा. बाराच्या आत वाळले तर चोवीस चौकोन पुरतील. चोवीस तास लागले तर आईला फोन करून छत्तीस सांगा.